परसबागेतली काळी मिरी: वेल कशी लावावी आणि पावसात कशी वाचवावी

घरी मिरी लावणाऱ्यांच्या तक्रारी साधारण दोनच असतात. पहिली अशी की रोप आणून माडाखाली लावलं, वेल तीन-चार वर्षांत पार वर गेली, पानंही तजेलदार आहेत, पण मिरीचा एक घोस दिसत नाही. दुसरी तक्रार जास्त जिव्हारी लागणारी. सात-आठ वर्षांची, घोसांनी लगडलेली वेल ऐन श्रावणात पिवळी पडते, दोन-तीन आठवड्यांत पानं आणि घोस गळून जातात आणि माडाला नुसत्या काड्या चिकटून राहतात.

पहिल्या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा दाट सावलीत किंवा रोप कशापासून तयार केलं यात सापडतं. दुसरीचं कारण बुंध्याशी साचलेल्या पाण्यात असतं. म्हणजे दोन्ही दुखणी रोप विकत घेताना आणि खड्डा खणतानाच सुरू झालेली असतात, दिसतात मात्र काही वर्षांनी.

झाड नव्हे, वेल

नर्सरीत "मिरीचं झाड आहे का?" असं विचारलं जात असलं तरी काळी मिरी ही दुसऱ्या झाडावर चढणारी बहुवर्षायू वेल आहे. शास्त्रीय नाव पायपर नायग्रम. विड्याच्या पानांची नागवेल आणि औषधातली पिंपळी या तिच्या सख्ख्या बहिणी, एकाच प्रजातिकुळातल्या. नागवेल ज्यांनी परसात वाढवली आहे त्यांना मिरीचा स्वभाव अर्धाअधिक ओळखीचा वाटेल: मुळं वरवर पसरणारी, हवेत दमटपणा हवा, कडक ऊन नको.

हिरवी, काळी, पांढरी आणि लाल मिरी ही एकाच वेलीची फळं आहेत. फरक फक्त तोडणी आणि प्रक्रियेचा. बाजारात 'पिंक पेपर' म्हणून मिळणारे गुलाबी दाणे मात्र वेगळे. ते दक्षिण अमेरिकेतून आलेल्या शायनस नावाच्या झाडाचे असतात आणि ते झाड चक्क काजूच्या कुळातलं आहे. काजूची अॅलर्जी असणाऱ्यांनी ते दाणे जपूनच खावेत. इथे विषय आहे तो आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीचा.

तिचं मूळ घर पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली दमट जंगलं. वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, जांभ्यासारखी किंचित आम्लधर्मी आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन, आणि दुपारचं ऊन अडवणारी झाडं तिला मानवतात. त्यामुळे सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड आणि गोवा इथे ती फारसे लाड न करता वाढते. गोव्याच्या कुळागरांत पोफळी, केळी, जायफळ यांच्या जोडीला मिरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. देशावर, म्हणजे पुणे-नाशिक-सोलापूरकडे, जमिनीत वेल लावून कोकणासारखं पीक येण्याची अपेक्षा धरू नये. तिथे कुंडीतली झुडपी मिरी हा पर्याय आहे, त्याची माहिती पुढे दिली आहे.

कुठली फांदी कापली, यावर सगळं

मिरीच्या एकाच वेलीवर वेगवेगळ्या कामाच्या फांद्या असतात आणि त्या ओळखता आल्या की अर्धं काम झालं.

बुंध्यातून निघून जमिनीवर सरपटत जाणाऱ्या लांब फांद्यांना बागायतदार 'रनर' म्हणतात. त्यांची पेरं लांब असतात आणि जमिनीला टेकली की प्रत्येक पेराला मुळं फुटतात. आधाराला धरून सरळ वर जाणारी ती चढती फांदी. तिच्या पेरांवरची बारीक मुळं झाडाच्या सालीला घट्ट चिकटतात. या चढत्या फांदीच्या पेरांतून आडव्या निघतात त्या फळफांद्या. त्यांना चिकटणारी मुळं नसतात, पेरं आखूड असतात आणि घोस लागतात ते फक्त त्यांच्यावर, पानाच्या समोरच्या बाजूला.

रनरपासून केलेलं रोप वेल म्हणून वाढतं, झाडावर चढतं आणि साधारण तिसऱ्या वर्षापासून फळू लागतं. चढत्या फांदीच्या छाटापासूनही वेल तयार होते, तीही लवकर फळते, पण त्यासाठी मूळ वेलीचा शेंडा कापावा लागतो. फळफांदीपासून केलेलं रोप कधीच चढत नाही. ते पसरट झुडूपच राहतं आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून घोस देतं. यालाच 'बुश पेपर' किंवा झुडपी मिरी म्हणतात. ही काही वेगळी जात नाही. त्याच वेलीची दुसरी फांदी आहे. ऑनलाइन 'बुटकी मिरी' म्हणून विकली जाणारी रोपं पुष्कळदा साध्या रनरची असतात आणि कुंडीत वर्षभर नुसती लांबत जातात. रोप घेताना पाहावं: शेंडा सरळ वर जातोय आणि पेरांवर मुळं दिसताहेत, तर ती वेल. आडव्या फांद्या आणि एखादा तरी घोस दिसला, तर झुडपी.

स्वयंपाकघरातले काळे मिरे मातीत पेरून रोपं उगवल्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरत असतात. ते दाणे अपक्व अवस्थेत तोडलेले, उन्हात कडकडीत वाळवलेले आणि पुष्कळदा उकळत्या पाण्यातून काढलेले असतात. ते उगवत नाहीत. पूर्ण पिकलेल्या लाल फळाचं ताजं बी रुजतं, पण त्याची वेल आईसारखी निघेलच असं नाही. फळ यायला खूप जास्त वर्षं लागतात, शिवाय जंगली मिरीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असल्यामुळे बियांच्या रोपात तो गुण डोकावू शकतो. लागवडीच्या जातींमध्ये एकाच फुलात दोन्ही अवयव असतात, आणि तो गुण टिकवायचा तर छाटकलमच हवं.

जात कोणती घ्यावी

केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या पन्नियूर इथल्या संशोधन केंद्राने १९७१ मध्ये 'पन्नियूर-१' ही मिरीची जगातली पहिली संकरित जात दिली. लांब घोस, टपोरे दाणे, आणि कोकणातल्या रोपवाटिकांत सहज मिळणारी. तिची एक अट आहे: उजेड लागतो. फणस-आंब्याच्या दाट सावलीत पन्नियूर-१ पानं भरपूर काढते आणि घोस काढायचे विसरते. पहिल्या तक्रारीतल्या कित्येक वेली याच जातीच्या असतात. सावली जास्त असेल तर केरळातली जुनी 'करिमुंडा' जास्त समजूतदार ठरते. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या जातींपैकी 'तेवम' आणि 'शक्ती' मूळकूज रोगाला बऱ्यापैकी सहन करतात. जिथे आधी वेल मेलेली आहे तिथे त्यांचा विचार करावा.

परसात एकाच जातीच्या चार वेली लावण्यापेक्षा दोन जातींच्या दोन-दोन लावाव्यात. एखाद्या वर्षी रोग आला तर सगळी बाग एकदम जात नाही.

आधार आणि खड्डा

माड, पोफळ, आंबा, फणस, पांगारा, गिरिपुष्प यांपैकी काहीही आधाराला चालतं. साल खरखरीत असावी. पेरू किंवा निलगिरीसारखी साल टाकणारी झाडं नकोत, कारण सालीबरोबर वेलही सुटून येते. झाडच नसेल तर पांगाऱ्याचा किंवा गिरिपुष्पाचा मनगटाएवढा खुंट पावसाआधी रोवला की तो रुजतो. पण पहिल्या वर्षी त्याला स्वतःचाच जीव धरायचा असतो, म्हणून शक्य तर खुंट एक वर्ष आधी लावावा. व्हिएतनाममध्ये, म्हणजे आज सर्वांत जास्त मिरी पिकवणाऱ्या देशात, विटांच्या आणि काँक्रीटच्या खांबांवरही वेली चढवतात. घरी सिमेंटचा खांब वापरायचा झाला तर त्याला काथ्या किंवा पोतं गुंडाळावं, नाहीतर उन्हात तापलेल्या खांबावर कोवळी मुळं भाजतात.

वेल आधाराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला लावावी, म्हणजे दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन बुंध्यावर येत नाही. खड्डा साधारण दीड-दोन फूट लांब, रुंद आणि खोल, आधारापासून फूटभर अंतरावर. माडाची मुळं बुंध्याशी गच्च असतात, तिथे अंतर थोडं वाढवावं. खड्ड्यात वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड भरावी.

आता सर्वांत महत्त्वाचं. माडाला आळं करायची आपल्याकडे सवय आहे आणि माड त्यावर खूशही असतो. मिरी त्याच आळ्यात लावली की पावसाळाभर तिचे पाय पाण्यात राहतात, आणि वेल मरण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे. मिरीला पाऊस हवा, तोही भरपूर, पण अंगावरून वाहून जाणारा. म्हणून खड्डा जमिनीच्या पातळीच्या वर, उलट्या ताटासारखा उंचवटा होईल असा भरावा आणि रोप त्या उंचवट्यावर लावावं. जुनी वेल आळ्यातच असेल तर मृगाआधी त्या बाजूची वरंब फोडून पाण्याला वाट करून द्यावी. सपाट परसात हातभर रुंदीचा चर काढून तो पाटाला जोडला तरी भागतं.

लागवडीचा काळ म्हणजे पाऊस नीट धरल्यावर, जूनचा शेवट ते जुलैची सुरुवात. हाच आर्द्रा नक्षत्राचा काळ. मल्याळममध्ये आर्द्रेला तिरुवातिरा म्हणतात आणि तिकडेही मिरीची लागवड याच नक्षत्राच्या पावसावर होते. एक दंतकथा तिथे आवडीने सांगतात: पोर्तुगीज मिरीची छाटं गलबतावर घालून नेऊ लागले तेव्हा दरबारी घाबरले, पण कालिकतचा सामुतिरी राजा शांत होता, वेली नेतील, आमचा तिरुवातिरेचा पाऊस कसा नेतील, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे व्हिएतनाम आणि ब्राझीलने राजाचा अंदाज चुकवला. आर्द्रेच्या पावसाबद्दल मात्र तो चुकला नव्हता, ते फुलोऱ्याच्या वेळी कळतं.

एका आधाराला दोन किंवा तीन मुळं फुटलेली रोपं लावावीत.

पहिली तीन वर्षं

नवी फूट आली की ती आधाराला टेकवून केळीच्या सोपाने किंवा सुंभाने सैल बांधावी. नायलॉनची दोरी नको, ती वेलीत रुतते. मुळांनी साल धरेपर्यंत दर पंधरवड्याला एक गाठ, एवढंच हे काम आहे. ते राहिलं की वेल जमिनीवर लोळते आणि मग फक्त रनर वाढतात.

शेंडा एकसारखा वर धावत असेल आणि खालचा भाग उघडा पडत असेल तर शेंडा खुडावा. खालच्या डोळ्यांतून फूट येते, आडव्या फळफांद्या वाढतात. वेल पाच-सहा मीटरपेक्षा उंच जाऊ देऊ नये. माड पन्नास फुटी असला म्हणून मिरीनेही तिथवर जायची गरज नाही, तोडणार कोण?

दिवाळीनंतर कोकणातल्या उन्हाची धग वाढत जाते. पहिली दोन-तीन वर्षं रोपांना झावळ्यांची सावली आणि आठवड्याला एक-दोनदा पाणी लागतं. बुंध्याभोवती पालापाचोळा किंवा नारळाची सोडणं पसरावीत, पण थेट खोडाला चिकटवू नयेत. आणि खुरपं जपून. मिरीची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. बुंध्याशी माती 'भुसभुशीत' करायच्या उत्साहात ती तुटतात आणि जखमेतून रोग शिरतो. तण हाताने उपटलेलं बरं.

खताचं गणित सोपं आहे. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला एका वेलीला दहा किलो कुजलेलं शेणखत. रासायनिक खत द्यायचं असेल तर तीन वर्षांवरच्या वेलीला वर्षाला ५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद आणि १५० ग्रॅम पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. दुकानातल्या भाषेत ते सुमारे ११० ग्रॅम युरिया, ३१० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश होतं. निम्मं मे-जूनमध्ये आणि निम्मं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बुंध्यापासून फूटभर लांब गोलाकार टाकून मातीने झाकावं. पहिल्या वर्षी याच्या एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश. पालाश जास्त आहे हे लक्षात घ्यावं. नुसता युरिया मारला तर वेल हिरवीगार आणि रिकामी राहते.

फुलोरा पावसावर

वळवाच्या सरी पडल्या की फळफांद्यांवर नवी पालवी येते आणि पानासमोर बारीक, लोंबती, फिकट हिरवी शेपटी दिसू लागते. तीच फुलांची कणिसं. फुलं इतकी बारीक असतात की कित्येकांना मिरीला फूल येतं हेच माहीत नसतं. परागीभवनात मधमाश्यांचा वाटा फारसा नसतो. पावसाचं पाणी कणसावरून ओघळतं आणि परागकण एका फुलाकडून खालच्या फुलाकडे जायला त्याची मदत होते. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत रिमझिम हवी. जुलैत आठ-दहा दिवस कोरडे गेले की घोसांत दाणे विरळ भरतात. परसातल्या चार वेलींसाठी अशा वेळी संध्याकाळी पाइपाने पानांवरून हलका फवारा मारणं अवघड नाही.

फळणाऱ्या वेलीला उन्हाळ्यात पाणी द्यावं का, हा नेहमीचा प्रश्न. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावं आणि नंतर पावसापर्यंत ताण द्यावा, अशी केरळ कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. ताणानंतर पाऊस आला की पालवी आणि फुलोरा एकदम येतो. पोफळीच्या बागेत उन्हाळाभर पाट चालू असतो, तिथे हा ताण देणं जमत नाही. तिथे मिरीकडचं पाणी निदान कमी करावं.

आधाराच्या झाडाच्या फांद्या एप्रिल-मेमध्ये छाटून उजेड आत येऊ द्यावा. पांगाऱ्याच्या छाटलेल्या फांद्या तिथेच आच्छादन म्हणून वापराव्यात. सावली दाट राहिली तर पीक कमी येतंच, शिवाय 'पोल्लू' भुंगा वाढतो. मल्याळममध्ये पोल्लू म्हणजे पोकळ. या भुंग्याची अळी दाणा आतून खाते, वरून तो काळपट दिसतो आणि चिमटीत धरला की फुटतो. छाटणी आणि जुलै-ऑगस्टपासून निंबोळीयुक्त कीटकनाशकाच्या फवारण्या एवढ्यावर घरच्या बागेत तो आटोक्यात राहतो.

श्रावणातला मृत्यू

आता दुसऱ्या तक्रारीकडे. ज्या रोगाने भरलेली वेल महिन्याभरात जाते त्याला मूळकूज किंवा शीघ्र मर म्हणतात. फायटोफ्थोरा कॅप्सिसी नावाचा, बुरशीसारखा आणि पाण्यातून पसरणारा सूक्ष्मजीव तो घडवतो. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहतात. पोफळीच्या कोळेरोगामागे याच फायटोफ्थोराचे भाईबंद असतात, त्यामुळे आगरं-कुळागरं करणाऱ्यांना या शत्रूची ओळख करून द्यायला नको.

सुरुवात बहुधा जमिनीजवळच्या पानांवर होते. काळे, पाण्याने भिजल्यासारखे डाग पडतात, त्यांच्या कडा झालरीसारख्या पसरलेल्या असतात. पावसाचे थेंब मातीवर आपटून शिंतोडे उडतात आणि जमिनीवर लोळणाऱ्या रनरच्या कोवळ्या पानांना पहिली लागण होते. तिथून ती बुंध्याकडे जाते. बुंधा काळा पडला की पानं, घोस आणि पेरापेरांतून मोडलेल्या फांद्या खाली पडू लागतात. या टप्प्यावर वेल वाचवता येत नाही, कोणी कितीही महागडं औषध सुचवलं तरी. जे करायचं ते आधी.

पाण्याचा निचरा पहिला, तो वर आलाच आहे. दुसरं काम मेअखेरीचं: बुंध्यातले सगळे रनर एक तर कापून टाकावेत, नाहीतर उचलून आधाराला बांधावेत. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पान राहू नये. या कामाला खर्च नाही, वेलीमागे पंधरा मिनिटं लागतात, आणि तरीही हेच सर्वांत जास्त वेळा राहून जातं.

त्यानंतर बोर्डो मिश्रण, १ टक्का. १० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत प्रत्येकी पाच लिटर पाण्यात विरघळवावं, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळावं. उलट करू नये. लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवून पाहावं. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, अजून घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरायचं. पहिली फवारणी पाऊस सुरू होताना, दुसरी ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल तेव्हा. पोफळीवर फवारायला माणूस येतो त्याच दिवशी मिरीचंही उरकून घेता येतं. जोडीला बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइडचं द्रावण, लिटरला २ ग्रॅम, वेलीच्या आकारानुसार पाच ते दहा लिटर ओतावं.

रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून वेलीमागे ५० ग्रॅम पावसाच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यावी. दोन्ही एकदम मात्र नको. तांबं ट्रायकोडर्मालाही मारतं. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवावं.

हळूहळू, दोन-तीन वर्षं पिवळी पडत जाणारी वेल वेगळी. तिथे मुळांवर सूत्रकृमी असण्याची शक्यता जास्त. एखादं मूळ उकरून पाहिलं तर बारीक गाठी दिसतात. निंबोळी पेंड आणि भरपूर सेंद्रिय खत यांनी अशी वेल सावरू शकते.

मेलेली वेल मुळांसकट काढून जाळावी. त्याच खड्ड्यात त्याच पावसाळ्यात नवं रोप लावू नये.

कुंडीतली झुडपी मिरी

गच्ची किंवा गॅलरी असलेल्यांसाठी हा प्रकार खरोखर चांगला आहे. दहा-बारा किलो माती मावेल अशी, तळाला भोकं असलेली कुंडी. माती, वाळू आणि शेणखत सारख्या भागांत, त्यात थोडा कोकोपीट. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळणारी जागा. माती ओलसर राहील पण चिखल होणार नाही एवढं पाणी, आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. पाणी मिळत राहिलं तर या झुडपाला वर्षाच्या बऱ्याच महिन्यांत थोडे थोडे घोस येतात. एका कुंडीतून वर्षाची बेगमी होत नाही, पण कढीत किंवा सारात घालायला ओली हिरवी मिरी हाताशी असते, जी बाजारात सहसा मिळतच नाही.

देशावर अडचण कोरड्या हवेची. मार्च ते मे हिरव्या जाळीखाली ठेवून सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी शिंपडलं तर झुडूप तग धरतं. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्यानेही त्यांच्याभोवती दमटपणा टिकतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर पानांच्या कडा करपतात. अधूनमधून साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं.

झुडपी मिरीचं छाट घरी करायचं तर वर्षभर वयाच्या फळफांदीचा तीन-चार पेरांचा तुकडा घ्यावा, कोकोपीटमध्ये लावून वर प्लास्टिकची पिशवी उलटी घालावी. यातली बरीच छाटं रुजत नाहीत. दहा लावून तीन-चार लागली तरी नाउमेद होऊ नये. नर्सरीत 'कोलुब्रिनम'वर कलम केलेली रोपंही मिळतात. ही दक्षिण अमेरिकेतली, ओलाव्यात तग धरणारी मिरीची नातेवाईक असून तिला शीघ्र मर होत नाही. मात्र जोडाखालून येणारे मोठ्या पानांचे फुटवे दिसताक्षणी काढावे लागतात, नाहीतर वर्षभरात कुंडीत फक्त कोलुब्रिनम उरते. काही कलमं पाच-सहा वर्षांनी जोडाशी दगाही देतात.

तोडणी आणि वाळवण

फुलोऱ्यापासून घोस तयार व्हायला सहा ते आठ महिने लागतात, म्हणजे कोकणात डिसेंबर ते फेब्रुवारी. घोसातला एखाद-दुसरा दाणा नारिंगी-लाल झाला की तो अख्खा घोस तोडावा. सगळे लाल होईपर्यंत थांबलं तर बुलबुल आणि साळुंक्या आधी येतात.

दाणे हाताने चोळून सुटे करावेत, चाळणीत किंवा फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवावेत आणि लगेच बाहेर काढून पसरावेत. या एका मिनिटाने धूळ आणि जंतू जातात, वाळवण लवकर होतं आणि रंग एकसारखा काळा येतो. मिनिटाचं पाच मिनिटं केलं तर स्वाद पाण्यात उतरतो. स्वच्छ ताडपत्रीवर किंवा चटईवर चार-पाच कडक उन्हं पुरतात. सारवलेल्या खळ्यावर थेट पसरू नये. दाणा दाताखाली टणकन फुटला की झालं. तीन किलो हिरव्या मिरीचे साधारण एक किलो काळे मिरे होतात. चांगल्या वाढलेल्या वेलीपासून वर्षाला किलोभर, कधी त्याहून जास्त वाळलेली मिरी मिळते आणि नीट सांभाळलेली वेल वीस-पंचवीस वर्षं देत राहते.

पांढरी मिरी हवी असेल तर पूर्ण पिकलेले लाल दाणे आठवडाभर पाण्यात, पाणी रोज बदलत, भिजवावेत. साल सुटते, ती चोळून काढून आतलं बी वाळवायचं. वास येतो, तेव्हा बादली घरापासून लांब ठेवलेली बरी.

तोडणीच्या दिवसांतच पुढच्या लागवडीची वेल निवडून ठेवावी, कारण कोणती वेल लांब आणि भरगच्च घोस देते हे तेव्हाच समोर दिसतं. पाच ते बारा वर्षांची, निरोगी वेल पाहून तिला चिंधी बांधावी. तिचे रनर जमिनीत रुजू न देता बुंध्याशेजारी रोवलेल्या काठीला गुंडाळून ठेवावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कापावेत, कोवळा शेंडा आणि जून बुडखा टाकून मधल्या भागाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत, पानं देठ राखून काढावीत आणि एक पेर मातीत जाईल असे पिशव्यांत लावावेत. सावलीत आणि ओलाव्यात ठेवलेली ही रोपं आर्द्रेपर्यंत लावणीला तयार होतात.